वऱ्हाडांतील मोटारीची तहान

वऱ्हाडांत मोटार तापली कीं पहिली शिवी उन्हास बसते, दुसरी ड्रायव्हरास. आणि दुरुस्त केलेली गाडी पुन्हां तापली म्हणजे तिसरी मिस्त्र्यास. पाण्याचें नांव मात्र कोणी घेत नाहीं, कारण पाणी हें गाडीवर उपकार करण्यासाठींच ओतलेलें असतें. आम्हींहि तें कधीं घेतलें नव्हतें. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर आमचें निम्में आयुष्य गेलें. वाफ सोडीत कडेच्या निंबाखालीं उभ्या राहिलेल्या मोटारी आम्ही लहानपणापासून पाहत आलों. तथापि मोटारीच्या या तापाचा आणि वऱ्हाडच्या जमिनीखालच्या पाण्याचा कांहीं जुना संबंध आहे, हें ध्यानीं येण्यास आमच्या स्वतःच्या खिशास चाट बसावी लागली.

कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही घरच्या मंडळींसह अकोल्याहून चिखलदऱ्यास निघालों. वाट नेहमींचीच, अकोल्याहून अकोट, तेथून अंजनगांव, पुढें परतवाडा आणि मग घाट. गाडी जुनी, पण गुणाची होती. तिच्या रेडिएटरला दोन उन्हाळ्यांपासून बारीकशी गळती होती; ती बुजवून घेण्याऐवजीं वाटेंत मिळेल तेथें पाणी घालून वेळ मारून नेण्याची संवय आम्हांस लागलेली होती. पूर्णा ओलांडल्यावर ज्या एका खेड्यांत आम्ही नेहमीं थांबत असूं, तेथील हापशावर त्या दिवशींहि दोन डबे भरून घेतले. हापशाजवळ एक म्हातारी उभी होती. ‘हे पानी गाडीले चालते बापू, मानसाले नाही,’ असें ती म्हणाली, आणि स्वतःच्या घागरींतलें पाणी तिनें आमच्या मुलांस प्यावयास दिलें. तें गोड होतें. तें कोठून आलें, हें विचारण्याचें त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं.

परतवाड्यापर्यंत गाडीनें कुरकूर केली नाहीं. घाट लागला, आणि चौथ्या कीं पांचव्या वळणावर कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागला. बॉनेट उघडलें तों वाफेचा लोट. मंडळी सागाच्या निष्पर्ण सावलींत, म्हणजे उन्हांतच, बसून राहिली. मागून येणाऱ्या प्रत्येकानें थांबून एकेक निदान केलें. कोणी म्हणाला, ऊनच असें आहे. कोणी म्हणाला, पंखा फिरत नसेल. एका गृहस्थांनीं तर आमच्या चालविण्याच्या पद्धतीवरच ठपका ठेवला. खालीं उतरून आणल्यावर तेथल्या एका मिस्त्र्यानें इंजिनाचें हेड उतरविलें, गॅस्केट बदललें, आणि जें बिल हातीं दिलें त्यांत चिखलदऱ्याचा आठवड्याचा मुक्काम सहज झाला असता. आठ दिवसांनीं अकोल्याहून बाळापुरास जातांना, सपाट रस्त्यावर, गाडी पुन्हां तापली.

तेव्हां आम्ही अकोल्यांतील एका वृद्ध मिस्त्र्याकडे गेलों. त्यानें हत्यारांस हात लावला नाहीं. विडी विझवून त्यानें एवढेंच विचारलें : ‘साहेब, पानी कोन्या गावचं टाकत होते?’

हा लेख त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना हातीं आलेल्या गोष्टींचा आहे.

मोटारीच्या इंजिनांत तेल जळतें त्या क्षणीं आंतील वायूचें तापमान दोन हजार अंशांच्या पलीकडे जातें. जळालेल्या तेलाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांशाहून कमीच भाग चाकांच्या कामीं येतो. तेवढीच किंवा अधिक उष्णता धुराबरोबर बाहेर पडते, आणि उरलेली जी जवळजवळ एक तृतीयांश, ती इंजिनाच्या अंगांत राहते. ती बाहेर काढली नाहीं तर दट्ट्या सिलिंडरांत चिकटून बसेल. म्हणजे मोटार चालविणें हें जितकें तेल जाळण्याचें काम आहे तितकेंच तें उष्णता फेकून देण्याचेंहि आहे. आणि हें दुसरें काम पहिल्यापासून पाण्यावर सोंपविलेलें आहे.

कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट मागितलें, तेव्हां त्या गाडीस आजच्या अर्थानें रेडिएटर नव्हता. इंजिनाभोंवतालचें पाणी तापून त्याची वाफ होई, वाफ हवेंत जाई, आणि उष्णता तिच्याबरोबर जाई. युक्ति सोपी, पण पाणी अतोनात खाणारी. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बर्था बेंझ ही आपल्या दोन मुलांस घेऊन, नवऱ्यास न सांगतां, मॅनहाइमहून फोर्टझहाइमला त्या गाडीनें गेली. सुमारें शंभर किलोमीटरांचा हा प्रवास जगांतील पहिला दूरचा मोटारप्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. वाटेंत विस्लोख गांवीं औषधाच्या दुकानांतून तिनें इंधन विकत घेतलें. तें दुकान आजहि जगांतील पहिला पेट्रोलपंप म्हणून मिरवतें. परंतु इंधन तिनें असें क्वचित् घेतलें, आणि पाणी मात्र तिला वारंवार मागावें लागलें. चढावर मुलांनीं गाडी ढकलली, ती गोष्ट निराळी. ज्यांनीं पाणी दिलें त्यांच्या विहिरींवर कोणी पाटी लावलेली आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यानें मर्सिडीज गाडीसाठीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. पाण्यास वाफ होऊं न देतां त्याला या नळ्यांच्या जाळ्यांतून फिरवावयाचें, वाऱ्यानें निववावयाचें आणि पुन्हां इंजिनाकडे धाडावयाचें, ही आजवर चालत आलेली रीति तेथें पक्की झाली. फोर्डच्या ज्या ‘मॉडेल टी’नें १९०८ पासून १९२७ पर्यंत जग भरून टाकलें, तिच्या पहिल्या थोड्या गाड्या सोडल्या तर पाण्यास पंपहि नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, निवालेलें जड होऊन खालीं उतरतें, आणि हें चक्र आपोआप चालतें. चुलीवरच्या हंड्यांत हेंच रोज घडत असतें. या व्यवस्थेस खर्च कांहीं नाहीं, पण तिची एक अट आहे. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं फेरा तुटलाच. मग डबाभर पाणी आंत असलें तरी तें जागच्या जागीं उकळत बसतें. त्यामुळें त्या काळच्या ड्रायव्हरास पाणी पाहणें हें तेल पाहण्याहून महत्त्वाचें असे. १९१२ पासून अमेरिकेंत रेडिएटरच्या झांकणावरच बसविण्याचें एक तापमापक मिळूं लागलें. त्याचें नांव बॉइस मोटोमीटर. गाडीच्या नाकावर उभी असलेली ती लहानशी गोल तबकडी जुन्या छायाचित्रांत पुष्कळदां दिसते. अनेकांस ती शोभेची वस्तु वाटते.

आतां वऱ्हाडाकडे येऊं. सातपुड्यांत उगम पावून पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहत तापीस मिळते. तिच्या दोहों तीरांस अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून सुमारें ४,७०० चौरस किलोमीटरांचा एक पट्टा आहे; त्यांत जवळजवळ नऊशें गांवें येतात. यास खारपाणपट्टा म्हणतात. वर काळी, कसदार, कपाशीस वरदान ठरलेली जमीन. खालीं खारें पाणी. पहिल्या पावसानंतर हिरवागार दिसणारा हा मुलूख पाहून परका मनुष्य येथें पाण्याची ददात असेल असें कधींहि मानणार नाहीं. पण विहीर खणली आणि पाणी लागलें म्हणजे येथें आनंद होईलच असें नाहीं. तें तोंडांत घालून पाहावें लागतें.

हें खारेपण इतकें जाणतें आहे कीं एके काळीं त्यावर धंदा चाले. पूर्णेच्या कांठच्या विहिरींचें पाणी आटवून लोक मीठ काढीत. इंग्रजी अमलांत तें बंद पडलें. पुढें १९३० सालीं देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हां समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या अकोला जिल्ह्यास कायदा मोडण्यासाठीं दांडी शोधण्याची गरज पडली नाहीं. दहीहंड्यास विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार झालें. अकोल्याहून अकोटास जाणाऱ्या वाटेपासून दहीहंडा फार लांब नाहीं. ज्या जमिनीखालच्या मिठानें सरकारशीं भांडण मांडलें, त्याच जमिनीखालचें पाणी आम्ही दोन उन्हाळे आमच्या गाडीस पाजीत होतों.

यंत्रास पाणी पाजण्याचा प्रश्न या मुलुखांत मोटारीबरोबर आलेला नाहीं. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या वर्षांत वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचला. वाफेचें इंजिन म्हणजे चालती पाण्याची टांकी. त्या काळच्या रेल्वे-इंजिनियरांस हें पुरतें ठाऊक होतें कीं बॉयलरास कोणतेंहि पाणी चालत नाहीं. वाफ निघून जाते, क्षार मागें राहतात. पुन्हां पाणी घातलें कीं पुन्हां क्षारांची भर पडते. जड पाण्यानें नळ्यांवर पुटें चढतात, खाऱ्या पाण्याला फेंस येऊन तें वाफेबरोबर सिलिंडरांत शिरतें. म्हणून बॉयलर ठराविक मुदतीनें रिकामा करून धुण्याची शिस्त त्यांनीं घालून दिली. मूर्तिजापुराहून दर्यापूर-अंजनगांवावरून अचलपुरास आणि दुसरीकडे यवतमाळास जाणारी जी अरुंद रुळांची गाडी लोकांच्या तोंडीं ‘शकुंतला’ झाली, तिचें मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत राबलें. सत्तर वर्षें! तिची अचलपुराकडची वाट थेट खारपाणपट्ट्यांतून जाते. इतकीं वर्षें टिकलेलें यंत्र पाहिलें कीं लोक विलायती पोलादाची तारीफ करतात. धुतलेल्या बॉयलरांचीहि थोडी करावयास हरकत नाहीं.

मोटार आली ती मात्र या शिस्तीवांचून आली. रेल्वेचें पाणी कोठें भरावयाचें हें कंपनी ठरवी. मोटारीचें पाणी कोठें भरावयाचें हें क्लीनर ठरवी. १९१४ सालीं हिंदुस्थानांत मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गांवोगांवच्या खासगी सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. कॅनव्हासची छागल पुढें टांगलेली, टपावर गांठोडीं, आंत ठरल्याहून दुप्पट माणसें. छागलींतलें पाणी पिण्यासाठीं असे, आणि गाडी तापली कीं तिच्यासाठींहि तेंच. प्रवाशांच्या तोंडचें पाणी यंत्रानें पळविण्याचे प्रसंग अशा वेळीं येत. आणि छागल रिकामी झाली कीं क्लीनर डबा घेऊन शेजारच्या मळ्याकडे धांवे. विहीर गोडी कीं खारी, हें पाहण्याची त्याला फुरसत नसे. म्हातारीचा न्याय त्यालाहि मान्य होता. जें मनुष्य पीत नाहीं तें यंत्रास देण्यांत अन्याय तो कोणता? उलट, जेथें बायका गोड्या पाण्यासाठीं कोस-कोस चालतात तेथें तें मोटारींत ओतणें हाच अन्याय. या म्हणण्यांत खोट काढणें कठीण आहे, आणि वऱ्हाडांत कितीक रेडिएटर खारावले असतील तें निष्काळजीपणानें नव्हे, तर अशा समंजसपणानें खारावले, असें आम्हांस वाटतें.

खाऱ्या पाण्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, इंजिन आणि रेडिएटर मिळून १० लिटर पाणी मावतें, आणि विहिरीच्या दर लिटर पाण्यांत २ ग्रॅम क्षार आहेत. पहिल्या दिवशीं आंत २० ग्रॅम क्षार गेले. आतां रोज एक लिटर पाणी वाफ होऊन जातें आणि तेवढेंच आपण त्याच विहिरीचें भरतों. साठ दिवसांनीं पाण्याची पातळी जेथल्या तेथें; क्षार मात्र १४० ग्रॅम, म्हणजे सातपट. डोळ्यांस पाणी पाणीच दिसतें. असें खारट, तापलेलें पाणी लोखंडास व जस्त-ॲल्युमिनियमसारख्या धातूंस खात सुटतें. त्यांत चुन्याचे क्षार असतील तर उष्णतेनें ते निराळे होऊन, आपल्या घरच्या पाणी तापवावयाच्या बंबांत जशी पांढरी खपली धरते, तशी नळ्यांच्या आंतून धरतात. ही खपली उष्णतेस अडविते. नळी अरुंद होते ती वेगळीच.

यावर घाट आणि ऊन येतात. उन्हाचा दोष नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. रेडिएटरांतील पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असली तर दोहोंत ७० अंशांचें अंतर असतें. अकोल्याच्या मे महिन्यांत हवा ४५ अंशांवर गेली कीं तें ५० उरतें, आणि त्याच मानानें उष्णता फेंकण्याची शक्ति पाऊणपटीखालीं उतरते. परंतु धडधाकट गाडीच्या व्यवस्थेंत एवढी सोय ठेवलेली असते. ऊन कर्ज वसूल करण्यास येतें. कर्ज झालेलें असतें आधींच. वऱ्हाडांत तर तें बहुधा हिंवाळ्यांत होतें, कारण तेव्हां बाजाराच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्यांची रीघ असते, रुईचे तंतु आणि धूळ रेडिएटरच्या पत्र्यांत जाऊन बसतात, आणि गारव्यामुळें कांट्यास त्याची दादहि नसते.

परतवाड्याहून चिखलदऱ्याची चढण सुमारें सातशें मीटरांची. १८०३ च्या डिसेंबरांत गाविलगडास वेढा देतांना इंग्रजांनीं जड तोफा याच डोंगरांतून माणसांकरवीं ओढून नेल्या, आणि १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन यानें चिखलदऱ्याची थंड हवा साहेबलोकांस दाखवून दिली. मोटारीस ती हवा मिळण्यापूर्वीं घाट भोगावा लागतो. खालच्या गिअरमध्यें इंजिन जोरानें फिरतें, तेल अधिक जळतें. गाडी मात्र पायीं चालल्यासारखी जाते, म्हणून समोरून वारा मिळत नाहीं. पाठवारा असला तर पाहावयासच नको. शिवाय उंचीबरोबर पाणी लवकर उकळूं लागतें. समुद्रकांठीं १०० अंशांवर उकळणारें पाणी १,१०० मीटरांवरील चिखलदऱ्यास सुमारें ९६ अंशांवरच उकळतें. यावर उपाय म्हणून पुढें रेडिएटरास दाब धरून ठेवणारें झांकण आलें. एका वातावरणाएवढा जादा दाब राहिला तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. हें झांकण तापल्या गाडीवर उघडणें म्हणजे तोंड भाजून घेणें. दाब जातो, आणि आंतलें सारें पाणी एकदम उकळून कारंजासारखें वर येतें.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि पुष्कळ मोटारींच्या पाठीस कोळशाच्या गॅसची भट्टी लागली. ज्यांनीं त्या गाड्यांतून प्रवास केला ते वडीलधारे त्यांचें वर्णन हंसत करीत. त्या वेळीं कोणी हंसत नसावें. त्या गॅसवर इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शानें ते निम्म्यानें घटे. म्हणून जो चढ एरवीं सहज चढावयाचा तोहि खालच्या गिअरमध्यें, कण्हत कुंथत. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आला, इकडील सरकारी मोटारसेवा एस. टी.त मिळाली, आणि डेपो, धुण्याची जागा व ठराविक तपासणी या रेल्वेच्या जुन्या शिस्तीचा कांहीं भाग रस्त्यावर उतरला. खासगी गाडीवाला मात्र अजूनहि त्या क्लीनरच्याच परंपरेंतला, आमच्यासारखा.

आतां त्या वृद्ध मिस्त्र्याची परीक्षा सांगतों. ती त्यानें केली हातानें, आणि बरीचशी कानानें. गाडी केव्हां तापते, हें त्यानें प्रथम विचारून घेतलें. बाजारांत, सावकाश चालतांना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याकडे पाहावें. पट्टा सैल असेल, किंवा अलीकडच्या गाडींत विजेचा पंखा सुरूच होत नसेल. वेगांत तापते आणि उभी असतांना बरी असते, तर रेडिएटर आंतून तुंबला असावा, कारण वाढलेल्या उष्णतेस वाट पुरत नाहीं. सकाळीं सुरू करतांच पांच मिनिटांत तापते, तर पाण्याची वाट अडविणारा थर्मोस्टॅट मिटून बसला असेल. अशा वेळीं वरची नळी थंड आणि इंजिन निखारा, असा चमत्कार हातास लागतो. कांहीं मिस्त्री हा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात आणि वऱ्हाडांत त्याचें काय काम म्हणतात. आमच्या म्हाताऱ्यास तें मान्य नव्हतें. फार थंड इंजिनहि झिजतें, असें त्याचें मत; आणि तें शास्त्रास धरून आहे.

गॅस्केट गेलें असेल तर त्याच्या खुणा निराळ्या. थंड इंजिनाचें झांकण काढून गाडी सुरू करावी; पाण्यांत सारखे बुडबुडे येत राहिले, धुरांतून पांढरी वाफ थांबेना, तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा झाला, तर हेड उतरवावें. त्याआधीं नाहीं. आमच्या पहिल्या मिस्त्र्यानें यांतलें कांहीं पाहिलें होतें कीं काय, हें आम्हांस विचारल्यावर आम्ही गप्प राहिलों. घाटांत वाफ पाहून त्यानें जें सर्वांत मोठें तेंच धरलें. आणि खरें सांगावयाचें तर मोठें बिल पाहून आमचाहि त्या निदानावर अधिक विश्वास बसला होता.

मग म्हाताऱ्यानें गरम रेडिएटरच्या पत्र्यावरून पांच बोटें हलकेच फिरविलीं. वैद्य नाडी पाहतो तशी. ‘इथं गरम. इथं थंड. हेबी थंड.’ जेथें हात थंड लागतो त्या नळ्यांतून पाणी वाहत नाहीं, एवढा साधा त्याचा अर्थ. गळतीच्या सांध्याभोंवतीं पांढरी खार धरलेली होती. ती त्यानें नखानें खरडली आणि जिभेस लावली. आम्हांस शिसारी आली, पण त्याचें काम झालें. खालची चावी सोडली तेव्हां तांबूस गढूळ पाणी आलें, रंग गंजाचा. शेवटीं पंप उतरविला. बाहेरून पंपांत कांहीं न्यून नव्हतें. पट्टा बरोबर, चाक फिरतें, आवाज नाहीं. आंत पाणी ढकलणारीं जीं लोखंडी पातीं असतात तीं खाऊन खाऊन नखाएवढीं उरलीं होतीं. चाक फिरत होतें आणि पाणी जागचें हालत नव्हतें. दोन उन्हाळे आम्हीं हौसेनें भरलेल्या त्या हापशाच्या पाण्याचा हा हिशेब.

पंप नवा बसविला, रेडिएटर उघडून सळया घालून साफ केला, गळती बुजविली. आंत काय घालावयाचें याबद्दल म्हातारा अगदीं आधुनिक निघाला. शुद्ध पाणी आणि त्यांत बाजारांत मिळणारें रंगीत कूलंट. हें कूलंट मुळांत थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून आलें. आमच्याकडे गोठण्याची भीति नाहीं, म्हणून पुष्कळांस तें चैन वाटतें. परंतु त्यांतील ग्लायकॉलनें उकळण्याचा बिंदुहि वर जातो, आणि त्यांत मिसळलेलीं औषधें धातूंस गंजण्यापासून राखतात. वऱ्हाडास त्याचा हा दुसरा गुणच अधिक उपयोगी. आतांशा गाड्यांचीं इंजिनें ॲल्युमिनियमचीं आणि रेडिएटरच्या टांक्या प्लास्टिकच्या झाल्या आहेत. खाऱ्या पाण्यास त्या लोखंडा-पितळेच्या जुन्या गाड्यांइतकीहि दाद देणार नाहींत. वाटेंत अडचण पडलीच तर मिळेल तें पाणी घालून घर गांठावें आणि लगेच सगळें काढून टाकून धुवावें, एवढी सवलत म्हाताऱ्यानें दिली. मात्र तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये. लोखंडास तडा जातो. अर्धा तास बसावें. ‘तेवढ्यात मानसंबी थंड होतात,’ असें तो म्हणाला.

त्याची मजुरी पहिल्या बिलाच्या चौथाईहि नव्हती.

पुढच्या वैशाखांत त्याच वाटेनें पुन्हां जाणें झालें. अकोल्यास आतां काटेपूर्णा धरणाचें पाणी येतें, अमरावतीस ऊर्ध्व वर्ध्याचें. शहरांत राहणाऱ्यास खारपाणपट्टा वर्तमानपत्रांत वाचून माहीत असतो. आम्हीं घरच्या नळाच्या गोड्या पाण्याचे दोन डबे गाडींत ठेवले होते. पूर्णेपलीकडच्या त्या खेड्यांत थांबलों. म्हातारी होती. तिला आमची आठवण नव्हती, मुलांची होती. तिच्या घागरींतलें पाणी कोठलें, हें या वेळीं विचारलें. तिकडील गांवांसाठीं वान धरणावरून नळाची योजना झालेली आहे, तेंच पाणी. पण नळास रोज पाणी येत नाहीं, आणि येईल त्या दिवशीं भरून ठेवलेलें पुढच्या पाळीपर्यंत पुरवावयाचें. त्या दिवशीं पाळी चुकली होती. ज्या घागरींतून तिनें मागच्या खेपेस आमच्या मुलांस पाणी दिलें ती कोणत्या दिवसाची होती, तें आम्हीं विचारलें नाहीं.

एक डबा तिच्या रांजणांत रिकामा केला. दुसराहि केला. ‘अन् गाडीले?’ असें तिनें विचारलें. चिखलदऱ्यास पोंचेपर्यंत कांटा मध्यावरून हालला नाहीं.